जुन्या छापील ग्रंथांतील सजावटी आद्याक्षरे कशी वाचावीत

1572 साली लंडनमध्ये बिशप्स बायबलची (चर्च ऑफ इंग्लंडच्या बिशपांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराची) जी मोठ्या आकाराची आवृत्ती निघाली, तिच्यात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी एक चित्रमय आद्याक्षर आहे. त्या चौकोनात ख्रिस्ती धर्माशी नाते सांगणारे काहीही नाही. राजहंसाच्या रूपाने लेडा राणीकडे आलेला देवराज ज्युपिटर, हा ग्रीक-रोमन पुराणकथेतील शृंगारिक प्रसंग तिथे कोरलेला आहे आणि त्याच्यामुळे ती आवृत्ती पुढे ‘लेडा बायबल’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. हे पान प्रथमच पाहणाऱ्याच्या मनात येणारा प्रश्न ठरलेला असतो: मुद्रकाला यातून काय सुचवायचे होते? त्याने काही सुचवायचे योजले असावे, असे मानण्याला आधार नाही. हव्या त्या अक्षराचा आणि हव्या त्या मापाचा ठसा छापखान्यात तयार होता, म्हणून तो जुळणीत बसवला गेला, हे स्पष्टीकरण त्या काळच्या छापखान्याच्या रीतीशी अधिक जुळते.

पंधराव्या आणि सोळाव्या शतकांतील युरोपीय ग्रंथांमधील लाकडी ठशांची आद्याक्षरे पाहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. यात सांगितलेल्या पायऱ्यांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे की चित्राच्या अर्थाचा विचार बराच उशिरा येतो. आद्याक्षर हे आधी लाकडात कोरलेली एक वस्तू असते, पानावरची एक जागा भरणारे अक्षर असते आणि त्यानंतर चित्र असते. हा क्रम उलटा झाला की वाचक प्रत्येक वेलीत आणि प्रत्येक सशात गूढ संदेश शोधू लागतो.

ही जागा कुठून आली

हस्तलिखितांच्या काळात लेखनिक मजकूर लिहून प्रकरणाच्या आरंभी मोकळी जागा सोडत असे, आणि ती जागा दुसरा कारागीर लाल, निळ्या अथवा सोनेरी रंगाने भरत असे. आपल्याकडच्या पोथ्यांमध्ये शीर्षके, दंड आणि पुष्पिका (शेवटचा समाप्तिलेख) हिंगुळाच्या लाल रंगात लिहिण्याची चाल होती, तिची आठवण येथे साहजिकच होते. युरोपात मात्र लाल रंगाच्या जोडीला पहिल्या अक्षराचा आकारही वाढत गेला आणि ते अक्षर चार, सहा, प्रसंगी दहा-बारा ओळींची जागा व्यापू लागले.

छपाई आली तरी ही सवय लगेच बदलली नाही. 1455 च्या सुमारास माइन्त्स येथे पूर्ण झालेल्या गुटेनबर्गच्या बेचाळीस ओळींच्या बायबलमध्ये आद्याक्षरांच्या जागा मोकळ्या सोडलेल्या आहेत आणि त्या प्रत्येक प्रतीत हातानेच भरलेल्या आहेत. दोनच वर्षांनी, 1457 साली, त्याच शहरात योहान फुस्ट आणि पेटर शफर यांनी स्तोत्रसंग्रह छापला. त्यातील मोठी आद्याक्षरे लाल आणि निळ्या शाईत, मजकुराबरोबर यंत्रावरच छापलेली आहेत. पहिल्या स्तोत्राच्या ‘बेआतुस वीर’ या शब्दांचा आरंभ करणारा तेथील भव्य ‘बी’ आजही पाहणाऱ्याला थांबवतो. परंतु हे काम अतिशय खर्चिक आणि किचकट होते, त्यामुळे ते सर्वसाधारण छापखान्यांची रीत बनले नाही.

ती रीत लाकडी ठशाने घडवली, कारण लाकडी ठसा आणि शिशाचे खिळे (म्हणजे छपाईची सुटी अक्षरे) या दोहोंत उंच भागच शाई घेतो. दोन्ही एकाच फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, कसून बांधता येतात आणि कागदाच्या एकाच दाबात एकत्र उमटतात. वेगळा कारागीर नको आणि वेगळी छपाईही नको. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात या सोयीवरून रीतसर भांडण झाले. 1468 पासून तेथे छपाई करणाऱ्या ग्युंटर झाइनर याला लाकडी ठसे कोरणाऱ्यांच्या संघाने विरोध केला. अखेर तडजोड अशी ठरली की मुद्रकाने चित्रे आणि आद्याक्षरे वापरावीत, मात्र ती संघाच्या कारागिरांकडूनच कोरून घ्यावीत. आद्याक्षरांवर कोणाची तरी रोजीरोटी अवलंबून होती, ही गोष्ट त्यांच्याकडे पाहताना मनात असलेली बरी.

अक्षर ओळखणे

पहिले काम म्हणजे ते अक्षर कोणते आहे हे ठरवणे. हे वाटते तितके सोपे नसते. जर्मन ग्रंथांत गोलाईदार गॉथिक वळणाची मोठी अक्षरे येतात. त्यांतील ‘टी’ हा आडवा फटकारा डोक्यावर घेतलेल्या ‘सी’सारखा दिसतो, ‘ई’ पोटात बंद झालेला असतो आणि ‘डी’चा दांडा डावीकडे झुकून खाली वळलेला असतो. शिवाय त्या काळच्या लॅटिन वर्णमालेत ‘आय’ आणि ‘जे’ हे एकच अक्षर होते, ‘यू’ आणि ‘व्ही’ हेही एकच होते, आणि ‘डब्ल्यू’ लॅटिनला लागतच नव्हता. लॅटिन मजकुरासाठी तेवीस ठशांचा संच पुरत असे, हे ध्यानात ठेवले तर नसलेली अक्षरे शोधत बसण्याचा वेळ वाचतो.

ओळख पटत नसेल तर चित्रावरून तर्क करू नये, मजकूर वाचावा. आद्याक्षरानंतर लगेच येणारे दुसरे अक्षर बहुधा खिळ्यांतील मोठ्या लिपीतले असते आणि त्यापुढे शब्द लहान लिपीत चालू राहतो. तो शब्द पूर्ण करून पाहिला की आद्याक्षर आपोआप कळते. ‘उम’ एवढेच दिसत असेल तर ‘कुम’ आणि ‘डुम’ यांपैकी काय बसते ते वाक्यावरून ठरते. लॅटिन येत नसले तरी आरंभी वारंवार येणारे दहा-वीस शब्द ओळखीचे करून घेणे कोणालाही शक्य आहे.

जागा रिकामीच राहिली असेल तर तिच्या मध्यावर एक अगदी लहान छापील अक्षर दिसते का ते पाहावे. रंगवणाऱ्याने नेमके कोणते अक्षर काढायचे हे सांगणारी ती खूण असते. ती रंगाखाली झाकली जावी अशीच योजना असे; म्हणून ती उघडी दिसली तर त्या प्रतीवरचे हातकाम पुरे झाले नाही, असे खुशाल समजावे.

हातचे, लाकडाचे की धातूचे

दुसरी पायरी ठशाचे द्रव्य ओळखण्याची आहे. हाताने काढलेले अक्षर त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या प्रतीत वेगळे दिसते, छापलेले अक्षर तेच राहते; म्हणून शक्य तेव्हा एकाच ग्रंथाच्या दोन प्रती शेजारी उघडाव्यात. म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाने आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने असे अनेक ग्रंथ संगणकावर खुले केलेले असल्यामुळे हे काम आज पुण्यात किंवा पणजीत बसूनही होते. छापलेल्या अक्षरावर नंतर हाताने रंग भरलेला असू शकतो. अशा वेळी रंगाखालची काळी रेघ शोधावी आणि तिच्यावरूनच निर्णय घ्यावा.

लाकूड आणि धातू यांतला भेद त्यांना झालेल्या इजांवरून कळतो. या काळचा ठसा फळीच्या लांब अंगावर, तंतूंच्या दिशेने कोरलेला असे. तो तडकला तर तंतूंच्या बाजूने तडकतो आणि छापात एक सरळ पांढरी रेघ अक्षराला आरपार छेदून जाते. चौकटीच्या बारीक रेघा तुटतात, तिथे फट पडते. किड्याने पोखरलेले लाकूड छापात लहान गोल पांढरे ठिपके सोडते. धातू तुटण्याआधी वाकतो, म्हणून चौकटीची रेघ फाटण्याऐवजी लहरल्यासारखी झाली असेल तर धातूचा संशय घ्यावा. धातूचा पत्रा लाकडी बैठकीवर ज्यांनी ठोकला त्या चुकांच्या डोक्यांच्या खुणाही कधी कधी उमटलेल्या असतात.

माप घेणे

आद्याक्षराची उंची दोन प्रकारे नोंदवावी: मजकुराच्या किती ओळी त्याने व्यापल्या आहेत आणि मिलिमीटरमध्ये ते किती आहे. ओळींची संख्या पानावरील त्याचा मान सांगते. ग्रंथाच्या आरंभी दहा ओळींचे, भागाच्या आरंभी सहा ओळींचे आणि प्रकरणाच्या आरंभी तीन ओळींचे अक्षर अशी उतरंड दिसली, तर त्या ग्रंथाची रचना मजकूर न वाचताही उलगडते. अनुक्रमणिका आणि पृष्ठांक यांची रीत अजून रुळायची होती, अशा काळात वाचक याच अक्षरांच्या आधाराने ग्रंथात वाट काढत असे. सजावटीचे हे सर्वांत भरवशाचे काम आहे, आणि अर्थ लावण्याच्या घाईत नेमके तेच दुर्लक्षित राहते, याची मला नेहमी खंत वाटते.

मिलिमीटरचे माप ठसा ओळखायला उपयोगी पडते, पण त्यावर फार भार टाकू नये. छपाईच्या वेळी कागद ओला करून घेत असत आणि वाळताना तो आकसत असे. एकाच ठशाच्या दोन छापांत मिलिमीटरभराचा फरक त्यामुळे सहज पडतो. संगणकावरील प्रतिमेजवळ मोजपट्टी ठेवलेली नसेल तर माप लिहूच नये. ओळींची संख्या पुरेशी आहे.

सजावटीची जात

यानंतर सजावट कोणत्या प्रकारची आहे ते ठरवावे. केवळ पाने, फुले आणि वेली असलेली अक्षरे हा सर्वांत मोठा गट आहे. एर्हार्ट राटडोल्ट हा आउग्सबुर्गचा मुद्रक 1476 ते 1486 या काळात व्हेनिसमध्ये काम करत होता. त्याची काळ्या भूमीवर पांढऱ्या वेली खेळवणारी आद्याक्षरे या गटाचा उत्तम नमुना आहेत. त्या वेली त्याने इटलीतील मानवतावादी विद्वानांच्या हस्तलिखितांतून घेतल्या. 1482 साली त्याने छापलेल्या युक्लिडच्या भूमितीचे पहिले वाक्य ‘ज्याला भाग नाही तो बिंदू’ असे आहे आणि त्या वाक्याचा ‘पी’ घनदाट वेलींनी भरलेला आहे. त्या वेलींचा बिंदूशी काहीही संबंध नाही. त्या पानाच्या तीन बाजूंनी फिरणाऱ्या नक्षीशी मात्र त्यांचा घट्ट संबंध आहे, आणि पाहायचे ते तेच.

दुसऱ्या गटात वेलींमध्ये प्राणी, पक्षी, बालके किंवा योद्धे वावरतात, परंतु कोणतीही कथा घडत नाही. तिसऱ्या गटात ओळखता येणारा प्रसंग असतो. या दोहोंमधील सीमा प्रत्येक वेळी स्पष्ट नसते. शंका असेल तेव्हा अक्षर दुसऱ्या गटात ठेवणे सुरक्षित, कारण कथा नसताना ती कल्पिण्याची चूक फार सहज होते. पॅरिसच्या छापखान्यांत काळ्या भूमीवर बारीक पांढरे ठिपके असलेली पार्श्वभूमी विशेष आवडीची होती. असे अक्षर दिसले की फ्रेंच वळणाचा विचार आधी करावा, मात्र तेवढ्यावर निर्णय देऊ नये, कारण आवडलेली पद्धत दुसऱ्या शहरातले कारागीर बिनदिक्कत उचलत.

आणखी एक प्रकार नवशिक्याला हमखास फसवतो. काही ठशांत सभोवती नक्षी कोरलेली असते आणि मध्यभागी आरपार भोक ठेवलेले असते. त्या भोकात शिशाचा कोणताही मोठा खिळा बसवता येतो. एकच चित्र एका पानावर ‘ए’भोवती आणि पुढच्या पानावर ‘एम’भोवती दिसले, तर हा बहुउपयोगी ठसा आहे असे ओळखावे. अशा ठशातील चित्राचे अक्षराशीही नाते नसते, मग मजकुराशी कुठून असणार?

चित्र आणि मजकूर यांचे नाते

आता अर्थाकडे वळता येईल. प्रसंग ओळखल्यावर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत आणि तिन्हींची उत्तरे लिहून ठेवावीत. हाच ठसा याच ग्रंथात दुसरीकडे आला आहे का? तो त्याच मुद्रकाच्या वेगळ्या विषयाच्या ग्रंथात आला आहे का? आणि चित्रातील प्रसंग याच मजकुराखेरीज इतरत्र निरर्थक ठरावा इतका नेमका आहे का? पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर चित्र खास या मजकुरासाठी कोरले गेले असण्याची शक्यता फार उरत नाही. तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ असेल तर मात्र सावकाश थांबावे, कारण हाती काहीतरी मोलाचे लागलेले असते.

तशी दोन उदाहरणे सांगतो. उल्म येथे योहान झाइनर याने 1473 साली इटालियन लेखक बोकाचोचा प्रसिद्ध स्त्रियांवरील ग्रंथ छापला. त्यातील ‘एस’ हे अक्षर सर्पाच्या वेटोळ्यानेच घडवलेले आहे आणि त्याच्याजवळ आदम आणि हव्वा उभे आहेत. ग्रंथातील पहिले चरित्र हव्वेचे असल्यामुळे अक्षराची आकृती, चित्र आणि मजकूर या तिघांची गाठ येथे पक्की बसते. दुसरे उदाहरण आंद्रेआस व्हेसालिउसच्या मानवी शरीररचनेवरील ग्रंथाचे आहे. 1543 साली बाझेलमध्ये योहान्नेस ओपोरिनुसने तो छापला. त्यातील आद्याक्षरांमध्ये गुबगुबीत बालके शरीरशास्त्रज्ञांची कामे करताना दिसतात. एका मोठ्या ‘क्यू’मध्ये ती फळीला बांधलेल्या डुकराचे जिवंतपणी विच्छेदन करत आहेत, आणि तसे विच्छेदन ग्रंथाच्या शेवटच्या भागाचा विषयच आहे. 1555 च्या आवृत्तीसाठी आद्याक्षरे नव्याने कोरली गेली. तेव्हा मोठ्या ‘व्ही’मध्ये अपोलो देव आपला प्रतिस्पर्धी मार्सियास याची कातडी सोलतो ती ग्रीक कथा आली. शरीराची त्वचा दूर करून आत पाहणाऱ्या शास्त्राच्या ग्रंथात ही निवड विचारपूर्वक केलेली आहे, हे वेगळे सांगायला नको. लेडा बायबल आणि व्हेसालिउस ही दोन टोके डोळ्यांसमोर ठेवावीत. बहुतेक आद्याक्षरे पहिल्या टोकाजवळ सापडतात.

या दोहोंच्या मध्ये संच म्हणून अर्थपूर्ण असलेली अक्षरे येतात. धाकट्या हान्स होल्बाइनने बाझेलमध्ये रेखाटलेली आणि हान्स ल्युत्सेलबुर्गर याने 1524 च्या सुमारास कोरलेली मृत्यूची वर्णमाला जेमतेम अडीच सेंटीमीटर बाजूच्या चौकोनांची आहे. तिच्या चोवीस अक्षरांत मृत्यू पोप, सम्राट आणि राजा यांच्यापासून जुगारी आणि पाळण्यातल्या बाळापर्यंत सर्वांना गाठतो. ‘ए’मध्ये सांगाडे वाद्ये वाजवतात आणि ‘झेड’मध्ये अंतिम न्यायाचा दिवस येतो. एवढ्याशा जागेत इतकी जिवंत हालचाल कोरणाऱ्या हाताला मनापासून दाद द्यावीशी वाटते. परंतु ही अक्षरे ग्रंथात वापरली गेली की त्यांचा क्रम शब्द ठरवतात. एखाद्या प्रकरणाला सम्राटाचे अक्षर लाभले, तर त्याचे कारण तो शब्द ‘सी’ने सुरू होतो एवढेच असते. अशा वेळी अर्थ संपूर्ण संचाला विचारावा. सुट्या अक्षराला विचारू नये.

ठशाचे आयुष्य

नवशिके ही पायरी कंटाळवाणी समजून गाळतात, पण मला स्वतःला ती सर्वांत आवडते. ठसा हे छापखान्याचे भांडवल होते. तो वारशाने मिळे, विकला जाई, उसना दिला जाई आणि मूळ मालकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्या शहरात पुन्हा शाई घेई. या प्रवासात त्याच्या कडा झिजतात, चौकटीचा कोपरा उडतो, तडा वाढत जातो. एका तारखेच्या ग्रंथात चौकट अखंड असेल आणि दुसऱ्या तारखेच्या ग्रंथात तिच्यात फट असेल, तर तिसरा, तारीख नसलेला ग्रंथ या दोहोंच्या आधीचा, मधला की नंतरचा, हे त्या फटीवरून सांगता येते. इजा वाढते, भरून येत नाही. सगळा युक्तिवाद एवढ्या साध्या गोष्टीवर उभा असतो.

मात्र त्याआधी ठसा तोच आहे याची खात्री हवी, कारण लोकप्रिय अक्षरांच्या हुबेहूब नकला कोरल्या जात. एकूण आकृतीवर विसंबू नये. एकाच कोपऱ्यातील पाने मोजावीत, वेलीचे टोक चौकटीला कुठे टेकते ते पाहावे, ठिपकेदार भूमी असेल तर एका ओळीतील ठिपके मोजावेत. नक्कल करणारा चेहरे आणि अक्षर काळजीपूर्वक उतरवतो, कोपऱ्यातले पान मात्र आपल्या हाताच्या वळणाने कोरतो. लॅटिनमध्ये वाक्यारंभी क्वचित येणाऱ्या ‘के’, ‘एक्स’, ‘वाय’ आणि ‘झेड’ यांचे ठसे त्याच संचातील इतरांपेक्षा ताजे दिसतात, याचेही आश्चर्य वाटू देऊ नये. त्यांना काम कमी पडले.

कधी अक्षरातील माणसे आडवी झोपलेली किंवा डोक्यावर उभी दिसतात. त्यातही प्रतीक शोधू नये. जुळाऱ्याला ‘झेड’ हवा होता आणि त्याने ‘एन’ आडवा बसवला, किंवा ‘डब्ल्यू’साठी ‘एम’ उलटा केला, असे समजून संपूर्ण चित्र फिरवून पाहावे. ‘एन’चा तिरका दांडा उलट्या दिशेला असेल तर दोष कोरणाऱ्याचा असतो: ठशात अक्षर उलटे कोरावे लागते आणि तो ते सुलटे कोरून बसलेला असतो.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक अक्षरासाठी एक ओळ पुरते: ग्रंथ, मुद्रक, शहर आणि साल, पान, अक्षर, ओळींतील उंची, सजावटीचा गट, प्रसंग असल्यास प्रसंग, दिसणारी इजा आणि सर्वांत शेवटी, वेगळ्या रकान्यात, आपला तर्क. निरीक्षण आणि तर्क एकाच वाक्यात लिहिले की सहा महिन्यांनी त्यांतले कोणते डोळ्यांनी पाहिले होते हे आपल्यालाच सांगता येत नाही. पंधराव्या शतकातील ग्रंथांना बहुधा मुखपृष्ठ नसते; मुद्रकाचे नाव आणि तारीख शोधायची तर आपल्या पोथ्यांप्रमाणे शेवटची पुष्पिका पाहावी.

गोव्यात 1556 साली जेझुइटांनी मुद्रणयंत्र आणले, आणि मराठी भाषेतील आरंभीचे छापील ग्रंथ, ज्यांत फादर स्टीफन्सचे 1616 सालचे क्रिस्तपुराणही येते, रोमन लिपीतच छापले गेले. गार्सिया द ऑर्ता याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापून निघाला. या परिसरातील जुन्या मुद्रणाकडे वळू इच्छिणाऱ्याने वरचा क्रम तसाच वापरावा. पण पहिला सराव राटडोल्टच्या युक्लिडवर करावा असे मी सुचवेन. त्याची पाने स्वच्छ आहेत, अक्षरे सुटसुटीत आहेत आणि कोणतीही कथा वाट चुकवायला मध्ये येत नाही. सगळी आद्याक्षरे पानांच्या क्रमाने लिहून काढावीत, मग एकाच अक्षराचे सर्व छाप शेजारी ठेवावेत आणि त्यांत ठसे किती वेगळे आहेत ते मोजावे.